बाबांच्या मराठीचं माझं इंग्रजी

मुलगी कॉलेजच्या स्प्रिंग ब्रेकला वेस्ट विंडसरच्या घरी आली ती बॅगभर न धुतलेले कपडे आणि एक कादंबरी घेऊन. कपडे मी धुतले आणि कादंबरी वाचली. कुठल्याशा दूरच्या देशातली गोष्ट. हुकूमशहा गेलाय, लोक रस्त्यावर नाचतायत, आणि एका घरातल्या मुलीला कळतं की आपला प्रेमळ बाप शेजाऱ्यांची नावं वर कळवत होता. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. एकमेकांना आग्रह करून वाढायचे आणि गप्प बसायचे. वाचताना मी त्या घराला मनसोक्त शिव्या घातल्या. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे आपल्या रक्तातच असतं.

तिच्या वर्गाला काम दिलं होतं. अशा काळातून गेलेल्या कुणाशी तरी बोलायचं आणि कादंबरीतल्या बापाशी ताडून बघायचं. तिला माणूस शोधावा लागला नाही. “आय हॅव आजोबा,” ती म्हणाली. “ही सेड नो.”

हे तिला मीच सांगितलं होतं. ती लहान असताना शाळेत घरातल्या धाडसी माणसाबद्दल बोलायचं होतं. बाकीच्या मुलांकडे युद्धात लढलेले, आगीत शिरलेले आजोबा होते. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर. मग मी सांगितलं की आणीबाणीत आमच्या गावच्या मास्तरांना नसबंदीसाठी माणसं आणायचा हुकूम झाला, तुझ्या आजोबांनी साफ नकार दिला, पगार थांबला तरी बधले नाहीत. त्यात पगार थांबला होता एवढंच खरं. थांबल्यावर बाबा बधले होते. पण पोरीने वर्गात टाळ्या मिळवल्या आणि त्यानंतर ती आजोबांकडे ज्या नजरेने बघायची, ती नजर मला फार आवडायची.

आई गेल्यापासून बाबा आमच्याकडेच असतात. सकाळी स्टेशनच्या पार्किंगपर्यंत चालून येतात, दुपारी एडिसनच्या देशी दुकानातून आणलेली बाकरवडी चहात बुडवून खातात. नातीचं इंग्रजी त्यांना कळत नाही, फार भरभर आणि नाकातून बोलते म्हणतात. त्यांचं मराठी तिला चार वाक्यांपुढे झेपत नाही. त्यामुळे दोघांच्या मध्ये मी. “काय म्हणतेय ती?” आणि “व्हॉट डिड ही से?” यात माझी निम्मी जेवणं गार झाली आहेत. पण कुरकुर करायला नको. मधल्या माणसाच्या हातात बरंच काही असतं.

त्या दुपारी आम्ही तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. तिने फोन रेकॉर्डिंगला लावला आणि विचारलं, नाही म्हणायचं धैर्य कुठून आलं? मी मराठी केलं, “बाबा, आणीबाणीतलं काहीतरी सांगा, म्हणतेय.” वाटलं, बाबा रॉकेलच्या रांगांबद्दल बोलतील, मग चहा टाकू.

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “नसबंदीची एक केस कमी पडत होती,” ते म्हणाले. “आपल्या मागच्या गल्लीत कल्हईवाला होता. त्याला मी नेला. सरकारी तपासणी आहे, तुपाचा डबा मिळतो, असं सांगितलं. मास्तर म्हणतायत म्हटल्यावर तो आला.”

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, आजोबा सांगतायत की मास्तरांवर फार दबाव होता, गल्लीतल्या एका गरीब माणसालाही दवाखान्यात नेलं होतं, ते आठवून त्यांना अजून वाईट वाटतं. यातलं एकही वाक्य खोटं म्हणून दाखवता आलं नसतं. सारवासारव करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

“त्याला मूल नव्हतं,” बाबा पुढे म्हणाले. “लग्नाला दोन वर्षं झाली होती. मला माहीत होतं.”

“तो माणूस तरुण होता,” मी इंग्रजीत म्हणाले. “नवीन लग्न झालेला.”

“असं नाही म्हणालो मी.”

बाबा माझ्याकडे बघत होते. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाने आयुष्यभर आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं होतं. नातीचं इंग्रजी त्यांना कळत नसे. माझं त्यांनीच शिकवलेलं होतं, गावच्या उच्चारांसकट. इतकी वर्षं त्यांच्या समोर बसून मी त्यांची वाक्यं धुऊन, इस्त्री करून नातीला देत होते आणि ते सगळं ऐकत होते. मी कानापर्यंत तापले. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

मग ते नातीकडे वळले आणि फळ्यावर लिहावं तसं एकेक वाक्य सुटं करून म्हणाले, “आय डिड नॉट से नो. आय टुक हिम. ही हॅड नो चिल्ड्रन. आय न्यू.”

मुलीने खुर्ची जराशी मागे घेतली. तिने विचारलं, त्याचं पुढे काय झालं? हा प्रश्न त्यांना कळला, की त्यांना तोच अपेक्षित होता, कोण जाणे. वर्षभरात ते बिऱ्हाड गाव सोडून गेलं, बाबा म्हणाले, त्याची बायको आपल्या दारावरून जाताना थुंकायची. मग मुलीने माझ्याकडे बोट केलं. “अँड आई? डिड शी नो?”

“नो,” बाबा म्हणाले. “शी वॉज अ चाइल्ड. शी वॉज इन स्कूल दॅट डे.”

त्या दिवशी मी शाळेत नव्हते. बाबा घरातच थांबले होते आणि कल्हईवाल्याला बोलवायला मला पाठवलं होतं, कारण तो मला भाता ओढू द्यायचा आणि मला नाही म्हणत नसे. मी गेले, त्याचं बोट धरून त्याला घेऊन आले. तेव्हा मला काही कळत नव्हतं, हे खरं आहे. पण पुढे वयात आल्यावर आईने मला सगळं सांगितलं, वर झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही बजावलं. आणि ती मूठ झाकून, पोरीला नकाराची गोष्ट सांगताना मला सगळंच माहीत होतं.

मुलीचे डोळे भरले होते. ती उठून माझ्या खुर्चीमागे आली, तिने माझ्या गळ्यात हात टाकले. “म्हणजे आई, दे लाइड टू यू टू,” ती म्हणाली. “तुला पण तेच सांगितलं, ही सेड नो म्हणून. आजोबा, तुम्ही आईला खोटं सांगितलं?”

हे ती मराठीत विचारत होती, सावकाश, त्यांना कळावं म्हणून. मध्ये माझी गरजच नव्हती.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “हो,” ते म्हणाले. “मीच सांगितलं.”

ती आजोबांकडे कशा नजरेने बघत होती ते मला दिसत होतं. मी तिचे हात गळ्यात तसेच राहू दिले.