तीन ओले डाग

दुपारचे तीन. पोर्चमध्ये गाडीशेजारी चटई टाकून मी आडवी झाले आहे. इंजिन रॉकेलने धुतलं, कोरडं पुसलं, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली आणि पंधरा मिनिटं चालवून बंद केलं. आता थांबायचं. पावडर ओली होईल तिथून ऑइल गळतंय, असं समजायचं. पाच वाजता माझा धाकटा भाऊ श्रीरंग भंगारवाल्याचा टेंपो घेऊन येईल. तोवर गळती सापडली नाही तर गाडी द्यायची, हे मीच कबूल केलं आहे. वडिलांच्या मागे या घरातून मी एवढी एकच वस्तू मागितली होती.

गार होणारं इंजिन टिकटिकतं आहे. टिकटिक हळूहळू लांब जाते.

गाडीखालून वडिलांचे, तात्यांचे पाय बाहेर आलेले दिसतात. त्यांना जाऊन चौदा महिने झाले. मला नवल वाटत नाही.

"कुंदे, तेरा नंबरचा पाना दे."

मी देते.

"खालच्या चेंबरचं पॅकिंग गेलंय," ते म्हणतात.

"चार वेळा बदललंय."

"पाचव्यांदा बदल. नाहीतर देऊन टाक. म्हातारी झाली गाडी."

"नाही देणार."

तात्या सरपटत बाहेर येतात. बनियनवर तेलाचा एकही डाग नाही. "अशी बोलायची नाहीस तू."

"बॉनेट उघडलं की तुम्ही मला आत पाठवायचात. हाक श्रीरंगला. तो पाना हातात घेऊन पतंग उडवायला पळायचा."

"हात काळे झाले असते तुझे."

"नायट्रिक ॲसिडने एकतीस वर्षं पिवळे होतेच की. तेव्हा चाललं."

ते हसतात. हसता हसता ते माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर बसलेले असतात आणि गाडी समोरच्या टेबलावर उभी असते, ब्युरेटच्या रांगेत, चारही चाकं टेकून. मी खडूने फळ्यावर इंजिन काढते.

"इथे बघा. पावडर वर झाकणापाशी ओली आहे. पुढच्या सीलपाशीही ओली आहे. आणि खाली चेंबरला. थेंब खाली पडतो म्हणून सहा वर्षं सगळे खालीच बघत बसले. पण तीन जोड एकदम निकामी होत नाहीत, तात्या. आत दाब कोंडलाय. तो बाहेर जायची नळी कुठे आहे?"

तात्या खिडकीबाहेर बघतात. बाहेर पोर्चसमोरचं आमचं अंगण आहे. बाजेवर धोतर अंथरलंय आणि त्यावर उडदाचे पापड वाळताहेत.

"तुझी आई म्हणाली, गाडी सुरू केली की पापडांना तेलाचा वास लागतो."

"म्हणून?"

"नळीच्या तोंडात बोळा कोंबला. दोन दिवसांसाठी. तिच्याच जुन्या साडीचा." ते पान्याशी चाळा करतात. "तेच तिचे शेवटचे पापड. पुढे ती गेली. मग काढवला नाही."

"चार मेकॅनिक झाले. तुम्ही शेजारी उभे असायचात. एकालाही बोलला नाहीत."

"राहू दे ना गं. गाडीसोबत जाईल तोही."

मला रडू येईल असं वाटतं. येत नाही. "तुमच्यासाठी आजवर पुष्कळ राहू दिलं," मी म्हणते. "हे नाही."

मी पुढच्या चाकामागे हात घालते. नळी चिकट आहे, ऊन आहे. तात्या माझं मनगट धरतात. मी ओढते. ते धरून ठेवतात. मी पुन्हा ओढते. मग त्यांची पकड सुटते, की ते सोडतात, ते कळत नाही.

हॉर्न वाजतो.

मी चटईवर नाही. पुढच्या चाकापाशी गुडघ्यांवर बसले आहे आणि कोपरापर्यंत काळी आहे. फाटकात टेंपो उभा आहे.

"ताई, हे काय?" श्रीरंग आत येत म्हणतो. "सापडली गळती?"

मी मूठ उघडते. आत कापडाचा बोळा आहे. एक टोक डांबरासारखं काळं. दुसरं टोक मी बोटांनी उलगडते. जांभळा काठ, त्यावर बारीक रुईफूल.

श्रीरंग जवळ येऊन बघतो. तो काठ त्यालाही ओळखता येतो.

"टेंपोवाल्याला चहा दे," मी म्हणते, "आणि परत पाठव."