अकरा नंबरचं अंडं

माझ्या दुकानात विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी साठतात. माणूस मोटार टाकून जातो, 'उद्या येतो' म्हणतो आणि तिकडे नवी बसवतो. जुनी माझ्या कोपऱ्यात राहते. किश्श्यांचंही तसंच आहे. न्यायला कोणी येत नाही आणि फेकवतही नाहीत.

डिंभ्याच्या रस्त्यावर मी चाळीस वर्षं मोटारी रिवाइंड करतोय, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळतोय. शाळा चौथीपर्यंत. पण माझ्या हातची मोटार कधी परत आली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी फजिती बरीच आहे.

*

संतोष आमच्याच गावचा. पिकअप चालवतो आणि लोकांच्या घरात निघालेले साप पकडून रानात सोडतो. एका उन्हाळ्यात जेसीबीने ताल, म्हणजे शेताचा मातीचा बांध, उकरली, तिच्यात धामणीची अंडी निघाली. ती त्याने पाटीत घालून माझ्याकडे आणली.

"नाना, ही उबवायला पेटी पायजे. अठ्ठावीस ते तीस डिग्री. वर न्हाई, खाली न्हाई."

"विकत मिळत नाही?"

"कोंबडीची मिळती. सापाची कोण करतंय?"

'कोण करतंय' असं कोणी म्हणालं की मी करतो. हा माझा दोष आहे. दुकानामागे बंद पडलेला फ्रिज होता. त्यात साठचा बल्ब लावला, थर्मोस्टॅट बसवला, तळाला पाण्याची परात आणि जाळीवर ओल्या काथ्याचा ट्रे. दोन दिवसांत काटा एकोणतीसवर आला आणि तिथेच राहिला.

किसन माझा लहानपणापासूनचा सोबती. रोज दुपारी येऊन दुकानातल्या बाकावर बसायचा. त्याने पेटी पाहिली.

"थंड करायच्या पेटीत गरम करतूस! तुझं सगळं उलटंच, लेका!"

*

एका हॅचरीच्या मोटारी माझ्याकडे यायच्या. तिथे मी पाहिलं होतं, अंड्यांचे ट्रे तासातासाला कलंडतात. कोंबडीसुद्धा चोचीने अंडी फिरवत राहते. नाही फिरवली तर पिल्लू टरफलाला चिकटतं. आमच्याकडे ज्याच्या दारात कोंबडी आहे त्याला हे माहीत असतं.

म्हणून मी एक छोटी मोटार आणली, गिअर बसवले. ट्रेवरची अंडी तासाला एकदा हळूच अर्धी वळायची. संतोषला सांगितलं नाही. म्हटलं, पिल्लं निघाली की दाखवू.

महिन्याने तो आला. दार उघडलं आणि तसाच उभा राहिला.

"नाना, ही फिरत्यात का?"

"तासाला एकदा. मिनिटाचा फरक नाही."

"सापाचं अंडं फिरवायचं नसतंय, नाना. जसं घातलंय तसंच ठिवायचं. फिरलं की आतला जीव गेला."

तेरा अंडी होती. त्याने एक ब्लेडने उघडलं. आत सुतळीएवढी धामण होती. डोळे आलेले होते. मग दुसरं उघडलं. मग बाकीची त्याने उघडलीच नाहीत.

मोटार मात्र एकदाही बंद पडली नव्हती!

त्या दिवसापासून मी प्रत्येक अंड्यावर, वरच्या अंगाला, पेन्सिलीने नंबर घालतो. अंडं निघेपर्यंत नंबर वरच राहिला पाहिजे. किसन बाकावरून बघायचा आणि म्हणायचा, "आता सापाचीबी पटपडताळणी का?"

*

एकदा एक पाहुणे बेल्ह्याच्या बाजाराला बैल बघायला निघाले होते. ऊन लागलं म्हणून दुकानात शिरले. समोर फ्रिज. काही न विचारता त्यांनी दार उघडलं आणि बाटलीसाठी आत हात घातला.

त्या दिवशी सकाळी दिवडाची दोन पिल्लं निघाली होती. दिवड विषारी नाही, पण रागीट फार. एक पिल्लू पाहुण्यांच्या बोटाला लटकलं. पाहुण्यांनी जी बोंब ठोकली ती पलीकडच्या वस्तीवर ऐकू गेली.

किसन बाकावरून हलला नाही. शांतपणे म्हणाला, "पावणं, पाणी माठात हाये."

*

पेटीचं नाव झालं तसं लोक कुठून कुठून अंडी आणायला लागले. निम्मी पालीची निघायची. आहुप्याचा एक म्हातारा एसटीने आला, मांडीवर डबा. कंडक्टरने विचारलं, "बाबा, डब्यात काय?" म्हाताऱ्याने खरं सांगितलं.

माझ्याकडे आला तेव्हा खुशीत होता. म्हणाला, "सगळी माणसं म्होरं पळाली. जल्मात पहिल्यांदा सबंध शीट मिळालं!"

मी डबा उघडला. घाटाच्या वळणांनी अंडी उलटीसुलटी झालेली. मी त्यांच्यावर नंबर घातले, कारण म्हातारा समोर बसला होता. त्यातलं एकही निघालं नाही. पुढच्या वर्षी तो विचारायला आला, तेव्हा मी सांगितलं, सगळी गेली रानात. आयुष्यात खोटं बोललो ते एवढंच.

*

आता सांगतो तो किस्सा नाही. पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

किसनची बायको हौसा. सकाळी बांधावर गवत कापताना तिला नाग चावला. किसन तिला रस्त्यावर, माझ्या दुकानापाशी घेऊन आला. संतोषची पिकअप बेल्ह्याला गेलेली. माझी मोटरसायकल दारात उभी होती. माझ्या हातात एक मोटार होती, अर्धी गुंडाळलेली. मधे सोडली की तारेचे आटे मोजायचे चुकतात.

मी म्हणालो, "बस येतेच आहे. बसून नीट जाईल ती."

बस आली नाही. पाऊण तासाने मी मोटार खाली ठेवली. मोटरसायकलवर आम्ही तिघं. घोडेगावच्या दवाखान्याच्या अलीकडे हौसाचं डोकं माझ्या पाठीवर येऊन पडलं. मागून किसन म्हणाला, "हळू घे आता."

ती मोटार अजून कोपऱ्यात आहे. मालक न्यायला आला नाही.

तेरावा झाल्यावर किसन पुन्हा दुकानात यायला लागला. त्याच बाकावर बसायचा. त्या सकाळबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मीही नाही.

*

पुढच्या उन्हाळ्यात संतोष पाटी घेऊन आला. एकोणीस अंडी.

"नागाची," तो म्हणाला.

"ते दिसतंय. सापडली कुठं?"

त्याने पाटी खाली ठेवली. "किसनतात्यांच्या बांधावर. पाइपलाइनचा चर खणताना."

मी पेन्सिल घेतली आणि एकपासून नंबर घालायला लागलो. सोळावर होतो तेव्हा किसन आला.

"कसली रं?"

मी सगळं सांगितलं. कोणाची आणि कुठली, तेही सांगितलं. तो बाकावर बसला.

"निघतील?"

"माझ्या पेटीत निघतात."

"आन् मग?"

संतोष म्हणाला, "वनखात्याला कळवलंय, तात्या. जिथली तिथंच सोडा म्हणाले. पर तुमी नको म्हणत असाल तर मी त्येंना तसं सांगतो."

"म्हंजी माझ्या बांधावर."

"व्हय."

"सांगन," किसन म्हणाला आणि उठून गेला.

पेटीला कुलूप नव्हतं. संतोष म्हणाला, लावा. मी लावलं नाही. किसनला कुलूप दाखवायचं तोंड मला नव्हतं.

*

पावसाळा लागला आणि ट्रान्सफॉर्मर जळाला. बाहेर गारठा. पेटीचा काटा पंचवीसवर आला, मग चोवीसवर. मी मोटरसायकल आत घेतली, बॅटरी काढली, हेडलाइटचा बल्ब काढला आणि दोन्ही पेटीला जोडले. हाताला वेळ लागला नाही. काटा पुन्हा चढायला लागला.

किसन बाकावर होता. सगळं बघून झाल्यावर म्हणाला, "निघाली व्हय मोटरसायकल."

मी वायर पिळत राहिलो.

"सापासाठी लगीच निघाली," तो म्हणाला.

एवढंच. मग तो तंबाखू मळत बसला. दिवेलागणीला उठून गेला.

दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये अठरा अंडी होती. दहा आणि बारा यांच्या मधे काथ्यात खळगा होता. अकरा नंबर नव्हता.

संतोष म्हणाला, "कुणी घेतलं आसंल, नाना?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. हे दुसरं खोटं. वर एकच सांगितलं होतं, ते दुरुस्त करतो.

मनात म्हटलं, एक अंडं ठेचून त्याचं मन शांत होत असेल तर होऊ दे. सगळी ठेचली असती तरी मी विचारलं नसतं.

*

दोन अंडी नासली, सोळा निघाली. नागाचं पिल्लू आतून टरफल चिरतं, ब्लेड फिरवल्यासारखं, आणि नुसतं नाक बाहेर काढून तासन्‌तास बसतं. बाहेर आलं की करंगळीएवढा तो जीव फणा काढतो!

किसनने काय ते अजून सांगितलं नव्हतं. मी त्याच्या घरी जायला निघालो, तर तोच वाटेत भेटला.

"निघाली?"

"निघाली."

"चला मग. ऊन व्हायच्या आत सोडू."

बांधावर संतोषने बरणी आडवी केली. पिल्लं गवतात गेली. हौसा कापायची तेच गवत, आता कंबरेएवढं वाढलेलं. किसन अनवाणी उभा होता. शेवटचं शेपूट दिसेनासं झालं तेव्हा त्याने विचारलं, "किती?"

"सोळा," संतोष म्हणाला.

किसनने मान हलवली आणि घराकडे गेला.

*

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी किसनने मला बोलावलं. घरातला बोर्ड जळाला होता. हौसा गेल्यापासून मी त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. त्यानेही कधी ये म्हटलं नव्हतं.

बोर्ड चुलीच्या वरच होता. काम दहा मिनिटांचं. किसन चहा ठेवत होता. चुलीमागे कोनाडा आहे, हौसा तिथे काडेपेटी आणि मिठाचं मडकं ठेवायची. भिंत चुलीने कायम कोमट असते. काडेपेटीसाठी कोनाड्यात हात घातला तर हाताला तुपाचा जुना डबा लागला. झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली. तोंड उघडं होतं, झाकण बाजूला ठेवलेलं.

आत काथ्या होता, ओला. त्यावर टरफल. एका बाजूने लांब चिरलेलं, आत काही नाही. वरच्या अंगाला माझ्या पेन्सिलीने घातलेला अकरा नंबर, जसाच्या तसा.

मी डबा हातात धरून उभा राहिलो. चूल, फळी, हौसाची पत्र्याची पेटी, अंथरुणाची घडी, सगळीकडे बघितलं.

किसनने दोन कप भरले. एक माझ्यासमोर ठेवला.

"फिरवलं न्हाई मी," तो म्हणाला. "बस. चा घे."