मामाजींच्या मापाचे तीर

मागच्या खेपेला आलात तेव्हा दिवाणखान्यातल्या भिंतीवरचा तीरकमठा पाहून तुम्ही विचारलंत, आपल्या घरात शिकारी कोण होतं? शिकारी तुमचे पणजोबा. माझा त्या धनुष्याशी संबंध एवढाच, की एका वर्षी मी ते सुधारायला घेतलं होतं. सुधारणं हा माझा जुना आजार. लग्न होऊन नागपूरला आले ती बी.एस्सी.ची पदवी, कॉन्व्हेंटमधलं इंग्रजी आणि गोंद लावलेल्या चिठ्ठ्यांचं एक पाकीट घेऊन. पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर नावं चिकटवली. मिठाच्या डब्यावर ‘मीठ’. रिकाम्या डब्यावर ‘रिकामा’. तुमचे आजोबा म्हणाले, “माझ्यावर काय लावतेस?”

पणजोबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मी मामाजी म्हणायची. ते वनखात्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी रामटेकच्या पलीकडच्या एका गावात त्यांचा मुक्काम असायचा. तिथल्या एका मित्राने त्यांना तो बांबूचा कमठा करून दिला, आणि त्याच्या जोडीला तीरही. पुढे शिकार कायद्याने बंद झाली. मामाजींनी कमठा भिंतीवर टांगला तो वर्षातून एकदाच उतरायचा, दसऱ्याला. आमच्या कॉलनीच्या मैदानात कागदाचा रावण उभा राहायचा आणि तो मामाजी पेटत्या तीराने जाळायचे. तीराच्या टोकामागे जुन्या धोतराची चिंधी गुंडाळायची, घासलेटात बुडवायची, पेटवायची आणि सोडायची.

आता ह्यातली गोम लक्षात घ्या. दरवर्षी एक तीर रावणाबरोबर जळायचा. मित्र वारला होता, नवे तीर करणारं कोणी नव्हतं. सत्तरच्या दशकातल्या एका दसऱ्याला मामाजींनी शेवटचा तीर सोडला आणि तो रावणाच्या बराच अलीकडे, चिखलात जाऊन विझला. उत्सव समितीचे अध्यक्ष आमचे शेजारी. ते पुढे झाले, आगपेटी काढली आणि रावणाच्या पायाला काडी लावली. मग मामाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “जाऊ द्या काका. पुढच्या वर्षी आपण वायर टाकू. बटन दाबलं का झालं.”

मामाजी कमठा उचलून घरी आले. त्यानंतर संध्याकाळी मैदानातल्या बाकावर बसायला जायचे ते बंद झाले. वर्षभर बंद. घरातल्या घरात फेऱ्या मारायचे आणि मी कोणता डबा कुठे ठेवते त्यावर टीका करायचे.

पुढचं नवरात्र जवळ आलं तसं मी जाहीर केलं, “मामाजी, यंदाचे तीर मी करते.”

ते म्हणाले, “तुले पोळी गोल येत नाही वं अजून.”

“तीर गोल करायचा नसतो,” मी म्हटलं.

“हे बरं झालं,” मामाजी म्हणाले.

अध्यक्षांकडून आजोबांनी एक संधी मागून आणली. यंदा तीर लागला तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षीपासून वायर.

मी पद्धतशीर सुरुवात केली. एका ग्रंथालयातून धनुर्विद्येवरचं इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात मला एक मोठा शोध लागला. मला वाटायचं की तीर सरळ जातो. जात नाही. दोरी मागून ढकलते, पुढचं जड टोक जागचं हलायला तयार नसतं, म्हणून मधली काडी वाकते. ती वाकून कमठ्याला वळसा घालते आणि पुढे जाऊन सरळ होते. काडी फार ताठ असली तर वाकत नाही, कमठ्याला घासून डावीकडे जाते. फार लवचीक असली तर उजवीकडे. टोक जड केलं की काडी जास्त वाकते, हलकं केलं की कमी. म्हणजे ओढ, काडी आणि टोक ह्या तिघांची पत्रिका जुळावी लागते. मी हे रात्रीच्या जेवणावर सगळ्यांना समजावून सांगितलं. मामाजी म्हणाले, “हे आमाले माहीत असतं तर एक ससा भेटला नसता.”

कमठ्याची ओढ मोजायला मी तो पाळण्याच्या कडीला आडवा टांगला, दोरीला बादली अडकवली आणि दोरी तीराच्या लांबीइतकी खाली येईपर्यंत तांब्याने बादलीत पाणी ओतत गेले. शेजारच्या वहिनी, म्हणजे अध्यक्षांच्या पत्नी, कुंपणावरून पाहत होत्या. “काय करून राहिल्या वं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कमठ्याची ताकद मोजतेय. “असं का,” त्या म्हणाल्या आणि घरात जाऊन त्यांनी सासूला बाहेर बोलावून आणलं.

इतवारीजवळच्या बुरडांच्या गल्लीतून मी बांबूच्या काड्या आणल्या. त्या एकेक करून दोन विटांवर ठेवल्या, मध्ये वरवंटा टांगला आणि कोणती किती वाकते ते पाहिलं. तीन गट पडले. ताठ, मध्यम आणि मऊ. मऊ काड्या पुस्तकाच्या हिशेबात कुठेच बसेनात, म्हणून त्या पत्र्याच्या एका उंच डब्यात टाकल्या आणि वर चिठ्ठी लावली, ‘बाद’. आजोबा हिंगण्याच्या कारखान्यात होते. तिथल्या लेथवर त्यांनी भंगारातल्या लोखंडाची टोकं करून आणली, जड आणि हलकी. ती एकसारखी आहेत का हे पाहायला मी इतवारीतल्या आमच्या सोनाराकडे गेले. त्याने काट्यावर एकेक टोक ठेवलं, वजन सांगितलं आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, “ताई, ह्याचं काय घडवायचं?” घासलेटाची चिंधी मात्र त्याने काट्याला लावू दिली नाही. ती मी घरी तोलली, आणि त्या आठवड्यात आमच्या वरणाला वास येत होता.

तीर तयार झाले. मध्यम काडी, शेपटाला पिसं, जड टोक, ओली चिंधी. परसात भिंतीशी गवताचा भारा उभा केला आणि आजोबांना सोडायला लावले. घासलेट रेशनचं, म्हणून चिंध्या पाण्यात भिजवल्या. एकामागून एक तीर भाऱ्याच्या मधोमध. आजोबा स्वतःवर इतके खूश झाले की कारखान्याची बस चुकली. मी माझ्यावर खूश होते. पुस्तकातला साहेब, मी आणि भौतिकशास्त्र, तिघांनी मिळून रावणाचा निकाल लावला होता.

मग मामाजी परसात आले. त्यांनी कमठा उचलला, तीर लावला, डोळा बारीक केला आणि सोडला. तीर भाऱ्याच्या डावीकडे, अलीकडे, गवतात पडला. दुसराही तसाच.

“जड झाले,” मी ठामपणे म्हटलं. “टोक हलकं करते.”

दुसऱ्या दिवशी हलकी टोकं. ह्या वेळी तीर लांब गेला, ह्यात शंका नाही. पण कालच्यापेक्षाही डावीकडे गेला, कुंपणापलीकडे. तिकडे वहिनींनी दसरा काढला होता, म्हणजे सणाआधी घरातल्या गाद्या, गोधड्या, चादरी सगळं धुऊन-झटकून उन्हात घातलं होतं. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, “अवं, आमच्या गादीले पिसं फुटले.”

मामाजींनी कमठा खाली ठेवला. “वायरच टाकू द्या त्याले,” ते म्हणाले आणि घरात गेले.

मी कुंपणापाशी जाऊन गादीतून तीर उपटला, वहिनींची माफी मागितली आणि स्वयंपाकघरात येऊन पुस्तक उघडलं. हलकं टोक म्हणजे काडी आणखी ताठ, म्हणजे आणखी डावीकडे. हे मीच तर जेवणावर समजावून सांगितलं होतं. पण मग तेच तीर आजोबांच्या हातून मधोमध कसे गेले? मी बराच वेळ विचार केला. कमठा तोच, काडी तीच, टोक तेच. मी कमठा मोजला होता, काडी मोजली होती, टोक सोन्याच्या काट्यावर तोललं होतं. माणूस मोजायचा राहिला होता.

पण सासऱ्याला मोजायचं कसं? तुमचा हात कुठपर्यंत येतो दाखवा, असं सुनेने विचारायची रीत नव्हती. तेव्हा मी देवघरातून गंध उगाळून आणलं आणि एका तीरावर टोकाच्या मागे जवळजवळ ओल्या गंधाची वेटोळी काढली. मामाजींना म्हटलं, “शस्त्रपूजा आहे. एक तीर गंध लावून सोडायचा असतो.”

“कोणत्या पोथीत?”

“आमच्याकडे सोडतात,” मी म्हटलं. माझ्या माहेरी शस्त्र म्हणजे विळी होती.

“बी.एस्सी. झाल्यावर भक्ती आली वाटते,” मामाजी म्हणाले. पण त्यांनी तीर सोडला. तीर मागे ओढला की जेवढी काडी कमठ्यावरच्या मुठीपर्यंत मागे येते, तेवढं गंध पुसलं जातं. मी तीर उचलून आणला. मुठीजवळची वेटोळी फरफटली होती. टोकाकडची बरीचशी, वीतभर तरी, गवताचे ओरखडे सोडले तर जशी काढली तशी ओली होती. त्यांची ओढ तिथपर्यंत पोचलीच नव्हती.

मी पुन्हा बादली टांगली. दोरी त्या गंधाच्या खुणेपर्यंत येईल इतकंच पाणी ओतलं आणि बादली काढून हातात घेतली. ती मला एका हाताने सहज उचलता आली. ह्या माणसाच्या दंडाला लोंबकळून आजोबा लहानपणी झोके घ्यायचे असं मी ऐकलं होतं. मी ते पाणी तुळशीला घातलं आणि जरा वेळ ओट्यावर बसले.

मग ‘बाद’चा डबा उघडला. एवढ्या कमी ओढीला वाकेल अशी काडी फक्त त्यातच होती. पुढचं काम मला शोभणारं नव्हतं, कारण ते कोणत्याही पुस्तकात नव्हतं. पूर्ण ओढलेल्या धनुष्यात तीराची चिंधी कमठ्याच्या अगदी जवळ येते, आणि मैदानातल्या लोकांना तेवढंच दिसतं. मामाजींनी लांब तीर ओढला असता तर वीतभर काडी कमठ्यापुढे राहिलेली सगळ्यांना दिसली असती, आणि अध्यक्षांना वायरीसाठी दुसरं कारण लागलं नसतं. म्हणून मी तीर वीतभर आखूड केले. आखूड केले की काडी ताठ होते, म्हणून डब्यातल्या सगळ्यात बारीक काड्या घेतल्या. टोक हलकं, चिंधी थोडी. आजोबांना म्हटलं, तुम्ही ह्या तीरांना हात लावायचा नाही. “मग नेम बघणार कोण?” ते म्हणाले. त्यांनी ओढले असते तर चिंधी त्यांच्या मुठीवर आली असती, पण एवढं सांगितलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. “रावण बघेल,” मी म्हटलं.

मामाजींनी सकाळी सकाळी, मी दूध तापवत असताना, परसात ते तीर एकट्याने सोडून पाहिले. मी खिडकीतून बघितलं नाही असं दाखवलं. भाऱ्यात तीर रुतल्याचा आवाज मात्र आला. मग पुन्हा आला.

दसऱ्याला मैदान भरलं होतं. अध्यक्षांनी वायर आणून ठेवलीच होती, खोक्यासकट. मामाजींनी पांढरं धोतर, काळी टोपी घातली होती. आजोबांनी चिंधी पेटवली. मामाजींनी ओढलं. जाळ कमठ्यापाशी आला, अगदी पूर्वीसारखा. मी श्वास धरला होता वगैरे म्हणणार नाही. मी मनात काडीची जाडी आठवत होते. तीर सुटला, थोडा वळवळला, सरळ झाला आणि रावणाला लागला. नाभीत नाही, गुडघ्यात. रावण खालून वर जळत गेला आणि त्याची मिशी सगळ्यात शेवटी गेली.

अध्यक्ष म्हणाले, “काका, यंदा गुडघ्यात कसा?”

“पळून जाऊ नये म्हून,” मामाजी म्हणाले.

लोक हसले, अध्यक्षही हसले आणि वायरीचं खोकं पायाने बाकाखाली सरकवलं. त्याच बाकावर मामाजी बसले. लोक सोनं द्यायला, पाया पडायला येत होते. ते उशिरापर्यंत उठले नाहीत.

घरी आल्यावर मी दारात त्यांना ओवाळलं आणि आपट्याची पानं हातात ठेवून वाकले. ते हळूच म्हणाले, “तीर आखूड केले ना तू?”

“बांबूच आखूड मिळाला, मामाजी.”

“बांबू आखूड मिळत नसते वं. कापा लागते.” त्यांनी पानं टोपीत खोवली. “बरं केलं. पुढच्या वर्षी आणखी दोन बोटं काप.”

आणि ते हात-पाय धुवायला मोरीकडे गेले. मी त्या रात्री पत्र्याच्या डब्यावरची ‘बाद’ची चिठ्ठी ओल्या फडक्याने काढली. तिच्या जागी काय लिहावं ते काही केल्या सुचेना. तो डबा अजून माळ्यावर आहे. घरात तेवढाच एक बिनचिठ्ठीचा.