लाल न झालेलं गवत

वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं होतं त्या काळी मी अकोल्याच्या सरकारी शेतीखात्यात होतो. मान कारकुनाएवढाच, पण काम राजेशाही. रानोमाळ हिंडायचं आणि तांबेरा न धरलेलं गवत शोधायचं. तांबेरा म्हणजे पानांवर गंजासारखा चढणारा रोग. ज्या ठोंबाला तो बाधत नाही त्याचं बी आणा, असा साहेबाचा हुकूम होता. घरची मंडळी म्हणत, पोरगा शिकला आणि गवत उपटायला लागला.

दिवाळीच्या आधी भातकुलीकडच्या एका नाल्याकाठानं चाललो होतो. मारवेल गवत कमरेएवढं, ऊन पिवळं आणि मऊ. वारा आला की गवतातून तांबूस धूळ उठे, हवेत तरंगत राही, आणि मी झोपेत असल्यासारखा तिच्यातून चालत होतो. धोतर गुडघ्यापर्यंत लाल झालेलं. किती वेळ गेला कोण जाणे. एका जागी पान हाताला घासलं, पण हाताला लाल लागलं नाही. खाली बसून भिंग लावलं. पानावर सुईच्या टोकाएवढे फिके ठिपके होते. तांबेरा इथं आला होता, टेकला होता आणि तिथंच मेला होता. मला इतका आनंद झाला की मी सरळ आडवाच झालो. भोवती सगळं रान लाल, मध्ये हा एकच हिरवा ठोंब, वर आभाळ. साहेब, खातं, अकोला, सगळं कुठं दूर राहिलं.

रान एका म्हातारीचं होतं. "मावशी, बी धरेपर्यंत एवढा ठोंब कापू नका," मी विनवलं. ती "बरं" म्हणाली.

वीस दिवसांनी पिशवी घेऊन गेलो, तर ठोंब बुडापासून कापलेला. माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"गाय व्याली, भाऊ. दोन दिस कशालेच तोंड लावे ना. मंग तिले लाल गवत कसं टाकू? यवढंच तं साफ होतं." मग माझ्याकडे नीट पाहत म्हणाली, "पन तुमी काहून चिडून राहिले? बुड हाये ना जमिनीत. ठोंब लावला का मारवेल येते."

हुकमात बी होतं म्हणून माझ्या डोक्यातही बीच. चार बुकं शिकलेल्या माणसाला हे सुचू नये याची फार लाज वाटली. तिचीच कुदळ मागून खणायला लागलो. सगळा ठोंब मुळांसकट वर आला, तसा तिनं माझा हात धरला.

"सगळाच नेता का? पुढल्या साली माही गाय काय खाईन?"

तिनं विळ्यानं मुळांचे दोन भाग केले, एक मोठा, एक लहान. लहान परत मातीत दाबला. मोठा माझ्या पिशवीत घालत म्हणाली, "तुमचं रान मोठं असन."