संख्या वाढली की वाढल्या

त्या रविवारी माझं लक्ष फळ्यावर कमी आणि टेबलावर पालथ्या ठेवलेल्या मोबाइलवर जास्त होतं. अमरावतीच्या एका कॉलेजात कायम जागेसाठी मुलाखत होऊन नऊ दिवस झाले होते. ‘आठवड्यात कळवू’ असं निवड समितीनं सांगितलं होतं. मी तेव्हा अमरावतीतल्याच दुसऱ्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होते, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच आपले आणि सुट्ट्या लागल्या की आपण कोणीच नाही. म्हणून शनिवार-रविवार अकोल्याला एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये व्याकरण शिकवायला जायचे. सकाळी बडनेऱ्याहून गाडी, संध्याकाळी परत. फोन यायचा तेव्हा येईल, असं म्हणून निवांत बसणाऱ्यांपैकी मी नाही. दर पाच मिनिटांनी तो सरळ करून बघत होते.

समोर अंगणवाडी सेविकांची बॅच होती. पर्यवेक्षिकेच्या पदासाठी त्यांची परीक्षा व्हायची होती. सत्तरेक बाया, कोणी बाळापूरच्या, कोणी मूर्तिजापूरच्या, बहुतेकींचं शिक्षण सुटून पंधरा-वीस वर्षं झालेली. इंग्रजीचं नाव काढलं की त्या एकदम गप्प व्हायच्या आणि मी सांगेन ते अक्षर अन् अक्षर वहीत उतरवायच्या. मला ते आवडायचं, हे आता कबूल करते.

विषय होता कर्त्याप्रमाणे क्रियापद. समिती, पथक, कुटुंब हे समूहाचे शब्द मी भरभर उरकले आणि परीक्षेवाल्यांच्या लाडक्या जोडीवर आले: ‘अ नंबर ऑफ’ आणि ‘द नंबर ऑफ’. पहिल्याचा अर्थ ‘बरेच’, म्हणून पुढे अनेकवचनी क्रियापद. दुसऱ्याचा अर्थ ‘संख्या’, म्हणून एकवचनी. हे मी झोपेतसुद्धा बरोबर सांगितलं असतं. पण तेवढ्यात मोबाइल थरथरला. मी झडप घालून पाहिलं, तर गॅस सिलिंडरचा मेसेज. परत फळ्याकडे वळले आणि लिहिलं, ‘द नंबर ऑफ विमेन हॅव इन्क्रीज्ड.’ वर ठणकावून सांगितलं, ‘द’ आलं की अनेकवचन, ‘अ’ आलं की एकवचन.

पहिल्या बाकावरची एक बाई उभी राहिली. दर्यापूरकडच्या खेड्यातली, अंगानं बारीक, कानाजवळचे केस पिकलेले. दोन गाड्या बदलून यायची आणि तरी सगळ्यांच्या आधी येऊन बसायची.

“मॅडम, ते उलटं नाही झालं का जी?”

“काय उलटं?”

“आपन ‘बायांची संख्या वाढली’ म्हनतो. ‘वाढल्या’ नाही म्हनत. संख्या तर एकच राह्यते ना?”

मागे दोघी-तिघी हसल्या. मी मागे वळून फळा पाहायला हवा होता. त्याऐवजी म्हणाले, “इंग्रजी मराठीच्या हिशेबानं चालत नाही. इतकी वर्षं मी हेच शिकवतेय. लिहून घ्या.”

ती बसली, वहीतली स्वतःची ओळ खोडली आणि माझी लिहिली. मी ते पाहिलं. वर्ग ताब्यात आहे असं वाटून मला बरंही वाटलं.

कॉलेजचा फोन आलाच नाही. बुधवारी बाहेरूनच कळलं की ती जागा भरली. पुढचे कितीतरी दिवस मी चिडचिड करत काढले. बॅच संपली, परीक्षाही झाली, आणि त्या रविवारचं मी पार विसरून गेले.

उत्तरतालिका जाहीर झाली त्या दिवशी मी माझ्या कॉलेजात दोन तासांच्या मधल्या वेळात जिन्यात उभी होते. दर्यापूरच्या बाईचा फोन आला.

“मॅडम, की आली. इंग्रजीत माह्ये दोनच चुकले. त्यातला एक तो नंबरवाला.”

“कुठला नंबरवाला?”

“द नंबर ऑफ अॅप्लिकंट्स, अन् पुढं हॅज का हॅव. मी हॅव केलं. कीमंधी हॅज हाये.”

फळा डोळ्यांसमोर आला, माझ्याच अक्षरातला. पण जीभ आपली चालूच होती. “की चुकली असेल. होतं असं पुष्कळदा. तुम्ही हरकत नोंदवा.”

“पुरावा जोडा लागते म्हने. पुस्तकाचं पान. तुमी पाठवता का?”

“पाठवते,” मी म्हणाले.

कुठलं पान पाठवणार होते? घरी येऊन तीन पुस्तकं उघडली. काय निघणार ते माहीत असूनही उघडली. एखाद्या जुन्या पुस्तकात, एखाद्या तळटीपेत दुसरंही चालतं असं निघेल, अशी वेडी आशा. तिन्हींत एकच गोष्ट, एकाच स्वच्छ भाषेत. मी झाडलेली गॅलरी पुन्हा झाडली. कोथिंबीर आणायला बाजारात गेले आणि तशीच परत आले. हरकतींची मुदत गुरुवारी संध्याकाळपर्यंत होती. मंगळवारी तिचा मेसेज आला, ‘मॅडम, पान?’ बुधवारी दुसरा, ‘घाई नाही मॅडम, पन उद्यापर्यंतच हाये.’ दोन्ही मी वरच्या सूचनेतच वाचले, उघडले नाहीत. वाचल्याची निळी खूण तिला दिसू नये म्हणून.

बुधवारी दुपारी क्लासच्या संचालकांना फोन करून सगळं सांगितलं. येत्या रविवारी त्यांनी जुन्या बॅचला उत्तरतालिकेच्या चर्चेसाठी बोलावलं होतं.

“एका प्रश्नानं काय होते मॅडम?” ते म्हणाले. “नवीन बॅचचे अॅडमिशन चालू हायेत. रविवारी तेवढा प्रश्न सोडून द्या. कोनी विचारलंच, तर म्हना की दोन्ही चालते.”

“दोन्ही नाही चालत, सर.”

“मंग मी सांगीन. तुमी नका बोलू.”

गुरुवारी सकाळी मी कॉलेजचे तास बुडवले आणि दर्यापूरची बस धरली. तिथून तिच्या गावाला जीप जाते. जीपवाला सीट भरल्याशिवाय हलत नव्हता. मी बसले, उतरले, टपरीपर्यंत गेले, परत बसले. “बसा ना बाई आता, निघतोच हाये,” असं तो तीनदा म्हणाला. शेवटी निघालो. सोयाबीन निघून गेलेली काळी वावरं, मधेच उभी कपाशी, आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. एकही वाक्य पुरं होत नव्हतं.

अंगणवाडीची खोली ग्रामपंचायतीला लागूनच होती. पोरं ओळीनं बसून खिचडी खात होती आणि ती वाढत होती.

“मॅडम! तुमी इथं?”

जुळवलेलं सगळं विसरून मी दारातूनच म्हणाले, “पान नाहीये. मी चुकीचं शिकवलं होतं. की बरोबर आहे.”

मदतनीस बाईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दर्यापूरच्या बाईनं मात्र हातातला डाव थांबवला नाही. शेवटच्या पोराच्या ताटलीत खिचडी घातली, हात धुतले, मला पोरांची बुटकी खुर्ची दिली आणि स्वतः खाली सतरंजीवर बसली.

“मले मालूम होतं,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“त्याच दिवशी. पोरगी बारावीत हाये माही. घरी जाऊन तिच्या पुस्तकात पाह्यलं. त्यात मी म्हनलं तसंच होतं.”

“मग पेपरात हॅव कावून केलं?” माझ्या तोंडून नकळत घरची बोली निघाली.

“हात पहिले हॅजवरच गेला होता. मंग वाटलं, पुस्तक तर काय, कोनीबी छापते. तुमी इतक्या ठासून बोलल्या. कॉलेजात शिकवते ही बाई, हिले नाही मालूम तर कोनाले मालूम राहीन? बदलून टाकलं.”

“मग पान का मागितलं माझ्याकडे?”

“तुमी पाठवता म्हनल्या. म्हनलं, असंन एखांद्या मोठ्या पुस्तकात.”

मी माफी मागितली. तिनं ती ऐकून घेतली, पण तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. एक पोरगी खिचडीचा हात तिच्या पदराला पुसत होती, तिला तिनं मांडीवर ओढलं.

“माफी राहू द्या मॅडम. तिथं सत्तर बाया होत्या. त्याइनं बी लिहून घेतलं हाये. त्याइले सांगा.”

“सांगते. ग्रुपवर टाकते आजच.”

“ग्रुपवर नाही,” ती म्हणाली. “मले सगळ्याइसमोर गप बसवलं होतं ना तुमी? सगळ्याइसमोरच सांगा.”

रविवारी मी अकोल्याला गेले. संचालक दाराशीच उभे होते. “मी सांगतलं होतं ना तुमाले?” एवढंच म्हणाले. मी आत जाऊन दोन्ही वाक्यं फळ्यावर बरोबर लिहिली आणि सांगितलं, त्या दिवशी मी उलटं शिकवलं. पहिल्या बाकावरच्या यांनी मला विचारलंही होतं, यांचं बरोबर होतं, आणि मी यांना गप्प बसवलं. मग विचारलं, माझ्यामुळे हा प्रश्न कोणाकोणाचा चुकला? अकरा हात वर झाले. बाकीच्यांनी एक तर माझं ऐकलं नव्हतं, किंवा अंदाजानं बरोबर केलं होतं.

“आता सांगून काय फायदा?” मूर्तिजापूरची एक बाई म्हणाली. तिनं पर्स उचलली आणि निघून गेली. दर्यापूरची बाई पहिल्याच बाकावर होती. तिनं वही उघडली आणि दुसऱ्या चुकलेल्या प्रश्नाबद्दल विचारलं. मी तो पुस्तकात पाहून समजावला.

संध्याकाळी संचालकांनी सांगितलं की पुढच्या महिन्यापासून इंग्रजीला दुसरे सर येतील. परतीच्या गाडीत जागा होती, तरी मी बडनेऱ्यापर्यंत दाराशी उभी राहून आले.

निकाल दोन-अडीच महिन्यांनी लागला. यादीत ती नव्हती. मी कॉलेजच्या त्याच जिन्यात होते, तेव्हा तिचाच फोन आला. “तुमच्या प्रश्नानं नाही गेलं मॅडम. तो धरला असता तरी नसतंच झालं. गनितानं मारलं.”

ऐकताक्षणी मला हायसं वाटलं. अंगावरून ओझं उतरल्यासारखं, अगदी खरंखुरं हायसं. एका बाईची परीक्षा गेली होती आणि मी जिन्यात उभी राहून मोकळा श्वास घेत होते. ते लक्षात आलं तेव्हा मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ऐकून राहिल्या ना मॅडम?”

“ऐकतेय.”

“पुढच्या टायमाले बसनार हावो मी. अजून वय हाये.”

तिचं माझ्यामुळे गेलं नाही, म्हणून मी सुटले, असं मात्र झालं नाही. उरलेल्या दहा जणींचं काय झालं, ते मला ठाऊक नाही. त्यांची नावं मी कधी विचारलीच नव्हती. यादी मोबाइलवर खालीवर सरकवत बसले, पण कोणाला शोधायचं तेच माहीत नव्हतं. एखादीचं खरंच एकाच प्रश्नानं गेलं असेल. कधी अकोल्याकडे जाणं झालं आणि मूर्तिजापूर स्टेशनवर गाडी थांबली की अजूनही मी खिडकीतून फलाटावर चढणाऱ्या बाया पाहते. पर्स उचलून गेलेली ती बाई दिसली, तर काय विचारणार आहे, ते काही ठरलेलं नाही.

मी अजून तासिका तत्त्वावरच आहे. दर्यापूरच्या बाईचा फोन आठवड्यातून एकदा येतो, पोरांचं खाणं आटोपलं की. आता मी तिला लगेच उत्तर देत नाही. ‘थांबा, पाहून सांगते’ म्हणते, आणि ती थांबते. गेल्या आठवड्यात तिनं विचारलं, “फॅमिलीले इज लागते का आर?”

मी पुस्तक काढलं, पाहिलं. घर एक म्हणून धरलं तर इज, घरातली माणसं वेगवेगळी धरली तर आर. इथं खरोखरच दोन्ही चालतं, असं मी तिला सांगितलं.

“दोन्ही?” तिचा आवाज चढला. “पेपरात चार गोलांपैकी एकच काळा कराचा राह्यते मॅडम. एक काय ते सांगा.”

“वाक्य काय आहे ते बघावं लागेल.”

“अन् वाक्यावरून नाहीच समजलं तर?”

“तर इज करा,” मी म्हणाले, आणि लगेच, “पण थांबा, अजून एका पुस्तकात पाहते.”