दोन बेटं आणि कन्हानचं पाणी

सन १९८३. मी बावन्न वर्षांचा होतो आणि मला पोहता येत नव्हतं. वय सांगितलं तर हेही सांगायलाच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

शाळा चौथीपर्यंत. नागपूरच्या एका सरकारी वर्कशॉपात फिटर होतो. काही वर्षांतून एकदा सरकार आम्हाला बायकोसकट देशात कुठेही फिरून यायचं भाडं देई. आमच्या खात्यातले सगळे कन्याकुमारीला जात आणि शंख घेऊन येत. प्रत्येकाच्या घरी रेडिओच्या डब्यावर तो शंख. ऑफिसातल्या बाबूसाहेबांनी मला न विचारताच अर्जावर कन्याकुमारी लिहायला पेन उघडला.

"थांबा," म्हटलं, "अंदमान."

"अरे, तिथे लोकांना सजा म्हणून पाठवायचे. सुट्टी घेऊन कोण जातं?"

"मी जातो."

"घरी विचारून ये आधी. मग लिहितो."

मला ते लागलं. पण खरं म्हणजे अंदमान घरातूनच आलं होतं. आमच्या शेजारी एक रिटायर फौजी राहत. कामठीच्या छावणीत यायच्या आधी त्यांनी त्या बेटांवर नोकरी केली होती. संध्याकाळी ओट्यावर बसून सांगत, मद्रासहून जहाज निघतं, मोठ्या बेटाला लागतं. तिथून लहान बेटावर नाव जाते. त्या लहान बेटाजवळ डोळ्याला काच लावून, तोंडात नळी धरून पालथं पडायचं, की खाली रंगीत दगडांचा बगिचा आणि त्यात मासे. आणि एकदा म्हणे त्यांच्या बाजूने देवमासा गेला. ते पोहत होते, तो पोहत होता.

माझी बायको तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"केवढा असन?"

"वहिनी, हे तुमचं घर, माझं घर, आणि मधली गल्ली धरा."

तिने तीस वर्षांत माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशीही मागितलं नाही. फक्त निवडलेल्या तांदळातच खडे टाकत बसली. मी ते पाहिलं आणि मनात ठरवून टाकलं.

मग दिवाळीनंतर रोज जेवण झालं की बेत चाले. परात म्हणजे मोठं बेट, वाटी म्हणजे लहान. मी म्हणे, परातीवर जास्त राहू, तिथे बाजार आहे. ती म्हणे, "बाजार का सीताबर्डीत नाही? वाटीवर राहू." तिथे मासळीशिवाय काही मिळत नाही असं कळल्यावर तिने सांडगे आणि मुगवड्यांचं पोतडं बांधायला काढलं. पोरं आपापल्या संसारात, आम्हाला विचारणारं कोणी नव्हतं.

नळी मात्र मी स्वतः करायची ठरवली. फिटर माणूस विकत काय घेणार? कूलरच्या पंपाचा पाईप घेतला, चांगला पुरुषभर लांब. टोकाला रबरी बूच कोरून दातात धरायची सोय केली. माझा हिशोब साधा होता. नळी जितकी लांब, तितकं खोल जाता येईल. फौजीबुवांच्या नळीने नुसतं वरवर पाहता येत असेल, माझ्या नळीने तळाशी बसून पाहता येईल.

दुपारच्या उन्हात आंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात बायको उतरली. ती कन्हानची, नदीकाठची पोर. लुगड्याचा काष्टा मारून पाण्यात जाणं तिला चुलीपुढे बसण्याइतकं सोपं. नळी दातात धरून खाली बसली आणि लगेच खोकत वर आली. तोंड लाल.

"श्वासच येऊन नाही राहिला!"

"जोरात ओढ वं."

"तुम्हीच ओढा, मग समजन!"

कुंपणापलीकडून फौजीबुवा हसले. "अरे भाऊ, वीतभर नळी असते ती! एवढ्या खालून हवा ओढायले छातीत भाता पायजे!"

मी ऐकलं नाही. स्वतः टाक्यात बसलो, टाकं तसं उथळच, कडेला धरून डोकं खाली घातलं. छातीवर कोणी पोतं ठेवल्यासारखं झालं, हवा काही खाली येईना. तरी मी आजही म्हणतो, कल्पना चुकीची नव्हती, छाती कमी पडली. संध्याकाळी कोणाला न सांगता पाईप कापून वीतभर केला.

आता तिला जमलं. पाण्यावर पालथी पडून ती टाक्याचा तळ पाहत राहिली, जसं काही तिथेच मासे फिरून राहिले. मग वर येऊन विचारलं, "तुमची नळी कुठी आहे?"

"मले काय करायची? मी नावेत बसीन. कपडे, चपला पाहायले कोणी पायजे ना."

ती टाक्यातून बाहेर आली. पदर पिळला.

"म्हणजे मी एकटीनं पाहायचं? तो मासा आला तं मी कोणाले दाखवू?"

"वर येऊन सांगजो मले."

"सांगाच्या गोष्टी तं फौजीबुवा घरी बसून सांगतेत. त्याच्यासाठी मद्रास काहून पायजे? दोघं उतरू, नाही तं कन्याकुमारी लिहून टाका."

मी म्हटलं, बावन्नाव्या वर्षी मी काही पाण्यात हातपाय मारणार नाही. दुसऱ्या दिवशी तिने पोतडं सोडून सांडगे डब्यात परत भरले.

त्या रविवारी तिच्या माहेरी, कन्हानला जेवण होतं. तिथे मी जवाई. मला पाट पहिला, ताट पहिलं, हात धुवायला पाणीही कोणीतरी आणून देणार. तीस वर्षं घरचे सगळे नदीवर जात आणि मी ओट्यावर पान खात बसे. कोणाची विचारायची हिंमत नव्हती, फक्त तिच्या भावाची होती.

"जवाईबुवा, चला ना गा नदीवर. तुमाले पाहून मगर पळून जाईन!"

"मले सर्दी आहे," मी म्हटलं.

"लग्नापासून?"

सगळे हसले. ती हसली नाही. जेवताना तिच्या वडिलांनी विचारलं, "बाई, अंदमानचं कुठवर आलं?" मी हातातला घास तसाच धरला. आता ही सांगणार, आणि सासुरवाडीच्या पंगतीत माझी अब्रू जाणार.

ती वाढता वाढता म्हणाली, "नाही जाऊन राहिलो बाबा. मलेच जहाजाची भीती वाटते. मीच नाही म्हटलं."

"तू भीतं?" तिचा भाऊ म्हणाला. "पुरात उडी मारणारी तू?"

"वय झालं आता," ती म्हणाली आणि माझ्या ताटात वरण वाढलं.

नदीकाठच्या पोरीने आपल्याच बापापुढे स्वतःला भित्री म्हणवून घेतलं, आणि मी पाटावर बसून ऐकलं. परतीची बस होती, पण मी म्हटलं, आज इथेच राहू.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगलंच उजाडल्यावर, घाटावर कपडे धुणाऱ्या बाया आल्यावर, मी सासऱ्यांच्या आणि तिच्या भावाच्या देखत सदरा काढून खुंटीला लावला आणि तिला म्हटलं, "चाल वं, नदीवर." पाणी बर्फासारखं होतं. मी छातीपर्यंत गेलो. तिने माझ्या पोटाखाली दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "कडक होऊ नोका, लाकडासारखे." काठावर तिचा भाऊ काहीतरी ओरडला, बाया हसल्या. मी पाय जमिनीवरून उचलले आणि तोंड पाण्यात घातलं.