दारात येऊन बोलावणं

"बसाय न्हाई आलो, बोलवाय आलोय," असं म्हणत चाचा दारातच बूट काढायचे आणि आत येऊन चांगले तासभर बसायचे. मग ते दार घराचं असो, कारखान्याच्या ऑफिसचं असो, नाहीतर बँकेच्या मॅनेजरच्या केबिनचं. बूट बाहेर, उजवा हात छातीवर आणि नजर चहा कुठून येतोय त्या दिशेला. तुमच्याही गावातल्या औद्योगिक वसाहतीत असा एखादा माणूस असेल, बघा आठवून.

आमचे चाचा सातारचे. त्यांचे वडील फौजेतल्या जवानांसाठी पत्र्याच्या काळ्या ट्रंका करायचे. चाचांनी ट्रंका सोडून विजेच्या पॅनेलच्या पेट्या करायला घेतल्या. पांढरी दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला पेनाऐवजी मोजपट्टी. नम्र वगैरे ते मुळीच नव्हते. फोटो निघतोय असं दिसलं की कुठूनही येऊन मध्यभागी उभे राहायचे. गेल्या हिवाळ्यात ते गेले. तेव्हापासून आमच्या लघुउद्योजकांच्या संघटनेत फोटोतली मधली जागा कुणाची, यावर कुरबुरी चालू असतात.

मी तेव्हा पुण्याहून व्यवस्थापनाची पदवी घेऊन नुकताच परतलो होतो आणि वडिलांच्या बाटल्यांची झाकणं करायच्या कारखान्यात बसायला लागलो होतो. ती पदवी मी बोलण्यात इतक्यांदा काढायचो, की आई म्हणायची, "आमटी खारट झाली तरी ह्याला पुणं आठवतंय." त्या वर्षी सातारा आणि सांगलीच्या लघुउद्योजकांची परिषद सांगलीला भरायची ठरली. मला संपर्कप्रमुख केलं. माझी हुशारी बघून केलं, असा माझा समज होता. बाकी कुणालाच ते काम नको होतं, हे मला बरंच उशिरा कळलं. चाचा स्वागताध्यक्ष झाले, तेही बिनविरोध, कारण विरोध करायची कुणाची टाप नव्हती.

मी आखणी केली. परिषदेच्या दोन महिने आधीपासून येणाऱ्यांशी संपर्क सुरू करायचा. आधी ओळखीचा संदेश, मग कुणाला कुणाला भेटायचंय याची विचारणा, मग भेटींच्या वेळा पक्क्या. जो उत्तर देणार नाही त्याला आठवण, त्यानंतर पुन्हा आठवण, आणि हे सगळं मोबाइलवरून आपोआप. चाचांना विचारलं, "खाली तुमचं नाव घालू का?" ते म्हणाले, "घाल की. मोठ्या अक्षरात घाल."

संदेश गेले. उत्तरादाखल हात जोडल्याची चित्रं आली, अंगठे आले, एकाने गुलाबाच्या फुलासह सुप्रभात पाठवलं. नाव मात्र कुणीच नोंदवलं नाही. मी आठवणींचे संदेश वाढवले. आणखी अंगठे आले.

"आरं गड्या, ही बातमी झाली," चाचा म्हणाले. "बोलावणं निराळं. बातमी मिळाली की मानूस दाराकडं बघत बसतंय, आता कोन येतंय म्हनून. आन् तू बसलायस हितं मोबाइल चोळत."

ते खरंच होतं. लोक आमची वाट बघत होते. बोलावणं यायच्या आधीच नाव नोंदवणं त्यांना हावरटपणाचं वाटत होतं. मग आम्ही माझ्या गाडीतून निघालो. शिरवळला रबराचे सुटे भाग करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्याकडे चाचांनी बूट काढले, ठरलेलं वाक्य टाकलं आणि हात छातीवर ठेवून म्हणाले, "फुडच्या महिन्यात, दुसऱ्या रविवारी, सकाळी धाला. समद्यांच्या आदी तुमच्याकडं आलोय बगा." बाई खूश झाल्या. मी चहा यायच्या आत माझं सादरीकरण उघडलं आणि विचारलं, "परिषदेकडून आपल्या अपेक्षा काय?" बाई म्हणाल्या, "आधी चहा घ्या."

पाचगणीला स्ट्रॉबेरीचा जॅम करणाऱ्या गृहस्थांनाही चाचांनी समद्यांच्या आदी म्हणून सांगितलं. ते गृहस्थ हसले. शिरवळच्या बाईंचा त्यांना आदल्याच दिवशी फोन आला होता.  चाचा शांतपणे बशीत चहा ओतत म्हणाले, "शिरवळात पयलं त्यांचं, पाचगणीत पयलं तुमचं. दोन गावं हायती, मालक." मी पुण्यात ग्राहकसंबंध नावाचा आख्खा विषय शिकलो होतो. हे त्यात नव्हतं.

पण सांगलीत त्यांचं हे कसब एका दारापुढे संपायचं. ते दार अण्णांचं. अण्णा आणि चाचा एकेकाळचे भागीदार; अण्णा त्यांना मिस्त्री म्हणायचे. सातारच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये दोघांनी मिळून पेट्यांचं काम सुरू केलेलं. पुढे अण्णांनी आपल्या गावी, सांगलीला, वेगळा कारखाना काढला, तोही गोडीगुलाबीने. चाचांची लेक अण्णांच्या खांद्यावर बसून लहानाची मोठी झालेली. आणि त्याच लेकीच्या लग्नाची पत्रिका चाचांनी पत्रा नेणाऱ्या टेंपोबरोबर पाठवली. कामाची घाई होती, ड्रायव्हर सांगलीलाच निघाला होता, दिली त्याच्या हातात. त्याने ती मालाच्या चलनाबरोबर अण्णांच्या ऑफिसात टेकवली. अण्णा लग्नाला आले नाहीत. त्यानंतर वीसेक वर्षं दोघं एकमेकांशी बोललेले नव्हते. हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं, आणि चाचांना ते किती लागून राहिलंय हेही. सांगलीला गेलो की ते मला त्या गल्लीतून गाडी घ्यायला लावायचे. "हळू घे... हळू..." आणि अण्णांचं फाटक आलं की, "चल, फुडं घे." मी एकदा विचारलं, थांबू का? तर म्हणाले, "इंजनाचा आवाज ऐकत हुतो. तपासून घे."

अण्णांनी आमच्या परिषदेला यावं, एवढंच त्यांना हवं होतं. तोंडाने ते कधी बोलले नाहीत. आणि मी काय केलं होतं? दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या कारखानदारांबरोबर अण्णांनाही संदेश लावून दिले होते. ओळखीचा, मग विचारणेचा, मग आठवणींचे. वीस वर्षांनी त्या माणसाच्या मोबाइलवर चाचांचं नाव उमटलं, मोठ्या अक्षरात, आणि वर मजकूर होता: आपण अद्याप उत्तर दिलेले नाही, ही शेवटची आठवण आहे.

माझ्या अख्ख्या यादीत शब्दांत उत्तर देणारे अण्णा एकटेच. "खाली ज्याचं नाव आहे, त्याला पाय आहेत ना?"

मी तो मोबाइल चाचांपुढे धरला. चाचांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता आपल्या पदवीची पाळंमुळं खणली जाणार. ते एवढंच म्हणाले, "गाडी काढ."

सांगलीत अण्णांचं फाटक आलं, तेव्हा या खेपेला चाचा म्हणाले, "थांबीव."  अण्णांच्या दारात त्यांनी बूट काढले, पण ठरलेलं वाक्य काही तोंडातून निघेना. अण्णा झोपाळ्यावर होते. धोतर, अंगात बनियन, हातात पेपर.

"काय मिस्त्री," अण्णा पेपरातून वर न बघता म्हणाले. "आज टेंपो मिळाला न्हाई व्हय?"

चाचा उभेच. आतून वहिनी बाहेर आल्या. "आवं, बसा तरी म्हना की त्येंना," त्या अण्णांना म्हणाल्या.

एखाद्या शांततेत आपण बोलू नये, हे मला पुण्यात कुणी शिकवलं नव्हतं. मी घसा साफ करून म्हणालो, "अण्णा, परिषदेत तुमच्यासाठी पहिल्या रांगेत..."

"तुमच्या परिषदेचं मला काय करायचंय?" अण्णांनी पेपर खाली ठेवला. आता ते चाचांकडे बघत होते. "पोरीच्या लग्नाचं बोलावणं माझं ऱ्हायलंय, मिस्त्री. ते कर. मग येतो."

मी हसणार होतो. चाचांकडे बघितलं आणि हसू गिळलं. त्यांनी शर्ट नीट केला. उजवा हात छातीवर ठेवला. "अण्णा, लेकीचं लगीन काढलंय," ते म्हणाले. "तुमी यायचं. वयनींस्नी घिऊन यायचं. सातारला, माज्या दारात."

"कवा?"

महिनाभर ज्या दारात जावं तिथे चाचा एकच तारीख सांगत आले होते. तीच आताही तोंडातून निघाली. "फुडच्या... ह्या दुसऱ्या रविवारी. सकाळी धाला."

"येतो," अण्णा म्हणाले. "बस आता."

मी त्या झोपाळ्याशेजारी उभा राहून मनातल्या मनात डोकं आपटत होतो. दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला आमच्या परिषदेचं उद्घाटन, सांगलीत, आणि स्वागताध्यक्षांचं भाषण पहिलंच. पण वहिनी डोळ्यांना पदर लावून चहा टाकायला गेल्या होत्या आणि चाचा झोपाळ्याच्या कडेला टेकले होते. हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

परतताना चाचांनी गाडीतून कराडला लेकीला फोन लावला. आवाज मोठा ठेवायची त्यांची सवय, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"दुसऱ्या रविवारी जावयाला आन् पोरांना घिऊन घरी ये. लगीन हाय."

"कुनाचं वो, अब्बा?"

"तुजंच."

 लेकीने अगदी हळू विचारलं, "अण्णाकाका यायला लागल्यात व्हय?"

 चाचांनी मोबाइल माझ्याकडे दिला. मी गाडी कडेला घेतली आणि सांगितलं, "होय, येणार आहेत." माझ्या सगळ्या संपर्कमोहिमेतला तेवढाच एक निरोप मला नीट देता आला.

परिषदेला सभागृह भरलं. शिरवळच्या बाई आल्या, पाचगणीचे गृहस्थ आले, ज्यांच्या ज्यांच्या घरी चाचांनी चहा प्यायला होता ते सगळे आले आणि आत शिरताच चाचांना शोधायला लागले. व्यासपीठावर मधली खुर्ची रिकामी होती. स्वागताचं भाषण मला करावं लागलं. ते इतकं लांबलं, की पुढच्या रांगेत दोघं झोपले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर येऊन चाचांना फोन लावला. लोक विचारतायत, निदान दोन शब्द फोनवरून तरी बोला, असं म्हणणार होतो.

फोन अण्णांनी उचलला. मागे भांड्यांचा आवाज, पोरांचा कलकलाट.

"मिस्त्री वाढतोय," अण्णा म्हणाले. "मुलीचा बाप हाय त्यो. आज त्याला फोनवर बोलायला सवड कुठली?"